सोडतीत नाव न आलेली मुलं

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दर वर्षी दोन-तीन तरी नवी कुटुंबं भेटतात. मी बॉस्टन शहराच्या सरकारी शाळेत गणित शिकवते हे कळलं, की प्रसादाचं ताट हातात असतानाच प्रश्न येतो, "ताई, चार्टर स्कूल चांगलं की नेहमीचं पब्लिक स्कूल?" मी उलट विचारते, "घर कुठे घेताय?" लेक्सिंग्टन, अ‍ॅक्टन, वेस्टबरो, श्रूसबरी असं उत्तर आलं, तर त्या आईबापांनी या प्रश्नात पडायचं कारणच नाही. तिथली गावची सरकारी शाळा उत्तम आहे, आणि ती उत्तम आहे म्हणूनच तिथलं घर महाग आहे. चार्टर शाळेचा प्रश्न पडतो तो डॉर्चेस्टर, रॉक्सबरी, मॅटपन अशा बॉस्टनमधल्या वस्त्यांत राहणाऱ्यांना. त्यांच्यासाठी तो मुलाच्या आयुष्याचा प्रश्न असतो.

अमेरिकेतली नेहमीची सरकारी शाळा पत्त्याला बांधलेली असते. ज्या गावात राहता, त्या गावच्या शाळेत मुलाला प्रवेश. खर्चाचा मोठा वाटा गावच्या घरपट्टीतून, उरलेला बराचसा राज्याकडून आणि थोडा केंद्राकडून. म्हणजे शाळा फुकट, पण तिच्या दारापर्यंत पोहोचायचं तर आधी त्या गावात घर परवडलं पाहिजे. ही गावसीमा ओलांडण्याच्या प्रयत्नांचा इतिहास मोठा आहे आणि क्लेशाचाही. १९७४ साली न्यायाधीश गॅरिटी यांनी बॉस्टनमधल्या काळ्या आणि गोऱ्या मुलांना एका शाळेत आणण्यासाठी बसने दुसऱ्या वस्तीत पाठवायचा आदेश दिला, तेव्हा शाळेच्या बसवर दगड पडले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने डेट्रॉइटच्या खटल्यात सांगितलं, की शहराच्या अशा योजनेत उपनगरांना ओढता येणार नाही. 'मेटको' नावाची योजना १९६६पासून बॉस्टनची काही मुलं उपनगरांतल्या शाळांत नेते, पण तिथल्या जागा मोजक्या. शहरातल्या गरीब घराला चांगली शाळा हवी असेल तर त्यांनी करायचं काय? चार्टर शाळांना जो पाठिंबा मिळाला तो याच अडचणीतून. चार्टर शाळांना सरसकट 'खाजगीकरण' म्हणून झिडकारायचं आणि स्वतः मात्र शाळा बघून उपनगरात घर घ्यायचं, ही भूमिका मला पटत नाही.

चार्टर शाळा म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावणं सोपं आहे, कारण आपल्याकडे अनुदानित शाळा आहेत. मी सातारा जिल्ह्यात रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकले. शाळा संस्थेची, पगार सरकारी तिजोरीतून. चार्टर शाळेचा सांगाडा बराचसा असाच आहे. काही माणसं एकत्र येऊन अर्ज करतात. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याचं शिक्षण मंडळ त्यांना पाच वर्षांची सनद देतं. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही, देणगी नाही. मुलामागे ठरलेली रक्कम त्याच्या गावच्या शाळाखात्यातून निघून चार्टर शाळेकडे जाते. जागांपेक्षा अर्ज जास्त आले, तर सोडत. फरक पडतो तो मोकळिकीत. शाळेची वेळ, अभ्यासक्रम, शिक्षकांची नेमणूक, पगार हे सगळं शाळेचं विश्वस्त मंडळ ठरवतं. बहुतेक चार्टर शाळांत शिक्षक संघटना नसते. या मोकळिकीच्या बदल्यात निकाल दाखवायचे. नाही दाखवले तर सनद रद्द, शाळेला टाळं. आपल्या अनुदानित शाळेला पटसंख्येची आणि आकृतिबंधाची बंधनं असतात, पण निकाल वाईट लागला म्हणून ती बंद पडल्याचं क्वचितच ऐकू येतं. इथे तो धाक खरा असतो.

ही कल्पना मुळात कोणाची, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकवणाऱ्या रे बडी यांनी ती मांडली आणि १९८८ साली वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमधल्या भाषणात तिला बळ दिलं ते अल्बर्ट शँकर यांनी. शँकर शिक्षक संघटनेचे राष्ट्रीय अध्यक्ष होते! त्यांच्या मनात होतं ते असं: सहा-आठ शिक्षकांनी मिळून शाळेतच एक छोटी प्रयोगशाळा काढावी, ज्या मुलांचं नेहमीच्या वर्गात जमत नाही त्यांच्यासाठी नवं काही करून पाहावं, आणि जे जमेल ते बाकीच्या शाळांना द्यावं. १९९१मध्ये मिनेसोटाने पहिला कायदा केला, १९९२मध्ये सेंट पॉल शहरात पहिली चार्टर शाळा उघडली. मॅसॅच्युसेट्सचा कायदा १९९३चा, पहिल्या शाळा १९९५च्या. पण तोवर कल्पनेचा रोख बदलला होता. प्रयोगशाळेच्या जागी स्पर्धा आली: चार्टर शाळा मुलं ओढतील, मग सरकारी शाळा धडपडून सुधारतील. शँकर स्वतःच त्यापासून दूर झाले. आज देशात सुमारे आठ हजार चार्टर शाळा आहेत आणि त्यांत सदतीस लाखांच्या आसपास मुलं शिकतात.

आता त्या सोडतीबद्दल. सोडत जाहीरपणे काढावी लागते. अलीकडे बरंच काम संगणकावर होतं, पण मी पाहिली ती जुन्या पद्धतीची, शाळेच्या व्यायामशाळेत. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या धाकट्या भावाचं नाव त्यात होतं आणि तिच्या आईला इंग्रजीची धास्ती, म्हणून मी सोबत गेले होते. घडीच्या खुर्च्या मांडलेल्या, हॉस्पिटलच्या गणवेशात थेट कामावरून आलेल्या बाया, मांडीवर झोपलेली पोरं. ज्यांची भावंडं त्या शाळेत आहेत त्यांना आधी जागा, त्यामुळे सोडत सुरू होण्याआधीच निम्म्या जागा गेलेल्या. मग एकेक चिठ्ठी. जागा संपल्या तरी चिठ्ठ्या काढणं थांबत नाही, कारण प्रतीक्षायादीचे क्रमांकही तिथेच ठरतात. त्या बाईच्या मुलाचा क्रमांक शंभराच्या पुढे गेला. तिने तो कागदावर दोनदा लिहून घेतला आणि मला विचारलं, "म्हणजे पुढच्या वर्षी नक्की ना?" यादी पुढच्या वर्षी सरकत नाही, नव्याने अर्ज आणि नव्याने सोडत, हे मी तिला पार्किंगमध्ये समजावून सांगितलं.

या सोडतीमुळे एक गोष्ट मात्र शक्य झाली. चार्टर शाळांवर नेहमीचा आक्षेप असा, की तिथे जाणारी मुलं मुळातच जागरूक घरांतली, मग निकाल चांगले लागणारच. पण सोडतीत नाव आलेलं मूल आणि न आलेलं मूल, दोघांच्याही घरच्यांनी अर्ज केलेला असतो. वेगळं असतं ते फक्त नशीब. म्हणून दोघांची पुढची वाटचाल ताडून पाहिली तर शाळेचा खरा परिणाम कळतो. जोशुआ अँग्रिस्ट, पराग पाठक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनमध्ये नेमकं हेच केलं. अँग्रिस्ट यांना २०२१चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं संशोधन सांगतं, की बॉस्टनच्या चार्टर शाळांत गेलेल्या मुलांची प्रगती, विशेषतः गणितात, फार मोठी आहे. माध्यमिक शाळेतल्या एका वर्षात गणिताचे गुण एवढे वाढतात, की काळ्या आणि गोऱ्या मुलांमधली निम्मी दरी भरून निघावी. पुढे ही मुलं कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत जास्त गुण मिळवतात, दोन वर्षांच्या कॉलेजऐवजी चार वर्षांच्या कॉलेजात जातात. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या आणि विशेष गरजा असलेल्या मुलांनाही फायदा होतो, हे एलिझाबेथ सेट्रेन यांनी दाखवलं. मी चार्टर शाळेत शिकवत नाही, माझी संघटना त्यांच्या विस्ताराच्या विरोधात आहे, तरी हे आकडे खरे आहेत असंच मी म्हणेन. गणिताच्या शिक्षकाने गैरसोयीचे आकडे झाकून ठेवू नयेत.

पण याच संशोधकांनी मॅसॅच्युसेट्सच्या उपनगरांतल्या आणि लहान गावांतल्या चार्टर शाळाही तपासल्या. तिथे फायदा दिसला नाही. काही ठिकाणी मुलं मागेच पडली. देशभराचं चित्रही असंच मिश्र आहे. स्टॅनफर्डच्या 'क्रेडो' केंद्राच्या २००९च्या पाहणीत १७ टक्के चार्टर शाळा आसपासच्या सरकारी शाळांपेक्षा गणितात सरस होत्या, ३७ टक्के कमी पडल्या, उरलेल्यांत फरक नव्हता. त्याच केंद्राच्या २०२३च्या पाहणीत सरासरी चार्टरच्या बाजूने झुकली, पण थोडीशीच. ऑनलाइन चार्टर शाळांनी तर मुलांचं उघड नुकसान केलं. ओहायोतली 'इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो' ही शाळा हजारो मुलांच्या नावाने सरकारी पैसे घेत राहिली; मुलं प्रत्यक्षात किती शिकली याचा हिशेब राज्याने मागितला तेव्हा तो जुळेना. सुमारे आठ कोटी डॉलर परत करण्याचे आदेश निघाले आणि जानेवारी २०१८मध्ये, ऐन शालेय वर्षाच्या मध्यात, शाळा बंद झाली. बारा हजारांच्या आसपास मुलं रस्त्यावर आली. त्यांना घेतलं कोणी? ज्या गावांत ती राहत होती तिथल्या सरकारी शाळांनी.

म्हणजे 'चार्टर' या पाटीत जादू नाही. बॉस्टनच्या त्या शाळा वर्गात काय करतात हे पाहायला हवं. दिवस मोठा, वर्ष मोठं. गणिताला रोज दोन तास. शिक्षकाच्या वर्गात येऊन कोणीतरी नियमित पाहतं आणि त्याच आठवड्यात काय सुधारायचं ते सांगतं. 'मॅच' नावाच्या शाळेने तर नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणांना वर्षभरासाठी शाळेत आणून मुलांना जवळजवळ एकास एक शिकवणी द्यायला सुरुवात केली. यातल्या अनेक शाळांची शिस्त कडक होती: गणवेश, ओळीत गप्प चालणं, छोट्या चुकीलाही शिक्षेचे गुण. या शिस्तीवर पुढे खूप टीका झाली. काळ्या मुलांनी मान खाली घालून चालायचं, यातून त्यांनी काय शिकायचं, असा प्रश्न त्याच शाळांचे माजी विद्यार्थी विचारू लागले. 'किप' या देशातल्या सगळ्यात मोठ्या चार्टर संस्थेने २०२०मध्ये 'मेहनत करा, नीट वागा' अशा अर्थाचं आपलं घोषवाक्य सोडून दिलं. मला स्वतःला त्या ओळींपेक्षा ती रोजची शिकवणी महत्त्वाची वाटते. सातवीतल्या मुलाला अपूर्णांक येत नसेल, तर ओळीत चालून तो येत नाही. शेजारी बसून कोणी शिकवलं तर येतो.

आता माझ्या बाजूची गोष्ट. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, तिसऱ्या तासाला, ऑफिसमधल्या बाई एका मुलाला घेऊन माझ्या वर्गाच्या दारात आल्या. ग्वाटेमालाहून आलेला, मावशीकडे राहणारा, जुन्या शाळेचा एकही कागद जवळ नाही, इंग्रजीचे चार शब्द. वर्ग आठवीचा, फळ्यावर रेषीय समीकरणं. मी त्याला मागच्या बाकावर बसवलं आणि किती येतं ते पाहायला एक भागाकार लिहून दिला. त्याने भाजक डावीकडे न मांडता उजवीकडे मांडला, मधल्या वजाबाक्या कागदावर न लिहिता मनातच केल्या आणि बरोबर उत्तर काढलं. शेजारच्या मुलाला वाटलं हा चुकतोय. मला तसं वाटलं नाही, कारण अमेरिकेत आल्यावर उत्तर उजव्या कंसाबाहेर न लिहिता डोक्यावर लिहायची सवय मलाही लावून घ्यावी लागली होती. मुलगा हुशार होता. पण त्याला समीकरणाचं गणित शिकवायचं, तर आधी त्याला प्रश्न वाचता यायला हवा, आणि राज्याची गणिताची परीक्षा तीन महिन्यांवर आलेली.

असं मूल आमच्या शाळेत कुठल्याही दिवशी येऊ शकतं. आणि आम्ही नाही म्हणू शकत नाही. नागरिकत्वाचे कागद नाहीत म्हणून मुलाला शाळा नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली टेक्ससच्या प्लायलर खटल्यात सांगितलं. बेघर मुलाला पत्त्याच्या पुराव्याशिवाय त्याच दिवशी घ्यावं लागतं. सप्टेंबर २०१७मध्ये मारिया वादळाने पोर्टो रिको उद्ध्वस्त केलं, तेव्हा त्या हिवाळ्यात होल्योक, स्प्रिंगफील्ड, वुस्टर, बॉस्टनच्या सरकारी शाळांत शेकडो मुलं दाखल झाली. काहींच्या अंगात हिवाळी कोटही नव्हता. कोणत्याही शाळेने सोडत काढली नाही.

चार्टर शाळेतून मूल गेलं तर ती जागा भरायची की नाही? देशात अनेक ठिकाणी ती भरायचं बंधन नाही. मॅसॅच्युसेट्सने २०१०च्या कायद्यात ते घातलं, ही चांगली गोष्ट. पण वरच्या अर्ध्या इयत्तांना आणि फेब्रुवारीच्या मध्यानंतर रिकाम्या होणाऱ्या जागांना ते लागू नाही. शिवाय जागा भरायची ती प्रतीक्षायादीतून, म्हणजे ज्यांच्या आईबापांनी आदल्या वर्षी अर्ज केला होता त्यांच्यातून. फेब्रुवारीत ग्वाटेमालाहून आलेल्या मुलाच्या मावशीने आदल्या वर्षी कुठला अर्ज केलेला असणार? गंभीर अपंगत्व असलेल्या मुलांसाठीचे वेगळे वर्गही प्रामुख्याने आम्हीच चालवतो. यात चार्टर शाळा लबाडी करतात असं मी म्हणत नाही. त्यांची रचनाच तशी आहे. एका शाळेला दार कधी उघडायचं ते ठरवता येतं, दुसऱ्या शाळेचं दार कायद्याने कायम उघडं असतं, आणि वर्षाअखेर दोघांचे निकाल एकाच तक्त्यात शेजारी छापले जातात.

पैशाचा मुद्दाही समजून घ्या, कारण भांडण बहुतेक त्यावरूनच पेटतं. 'पैसा मुलामागे जातो' हे ऐकायला न्याय्य वाटतं. समजा एका शाळेत वीस वर्ग आहेत आणि प्रत्येक वर्गातून एकेक मूल चार्टर शाळेत गेलं. वीस मुलांचा पैसा गेला. पण वर्ग वीसच राहिले, शिक्षक वीसच, बॉस्टनच्या हिवाळ्यात तापवायची इमारत तेवढीच, बसचा मार्ग तोच. मग शाळा काय कमी करते? चित्रकलेचे शिक्षक, ग्रंथपाल, समुपदेशक. हा धक्का सोसता यावा म्हणून राज्याने गावांना काही वर्षं भरपाई द्यायची असा नियम होता, पण ती रक्कम राज्य कित्येक वर्षं पूर्ण देतच नव्हतं. २०१९च्या कायद्याने त्यात सुधारणा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

या दोन बाजूंचा मुकाबला झाला तो नोव्हेंबर २०१६च्या निवडणुकीत. मतपत्रिकेवरचा दुसरा प्रश्न होता: मॅसॅच्युसेट्समध्ये दर वर्षी बारा नव्या चार्टर शाळांना किंवा विस्ताराला परवानगी द्यावी का? राज्यपाल चार्ली बेकर बाजूने. सिनेटर एलिझाबेथ वॉरन विरोधात. बॉस्टनचे महापौर मार्टी वॉल्श एका चार्टर शाळेच्या संस्थापक मंडळावर होते, तरी या प्रस्तावाच्या विरोधात उभे राहिले, कारण शहराचं अंदाजपत्रक त्यांना सांभाळायचं होतं. समर्थक सांगत, प्रतीक्षायादीत ३२,००० मुलं आहेत. राज्याच्या लेखापरीक्षकांनी दोन वर्षांपूर्वीच म्हटलं होतं, की काही शाळा तेव्हा जुनी नावं वर्षानुवर्षं पुढे ओढत असल्यामुळे ही यादी फुगलेली आहे. दोन्ही बाजूंनी मिळून चार कोटी डॉलरच्या वर खर्च केला. शिक्षक संघटनांनी पुष्कळ पैसा ओतला, पण तो कुणाचा हे सगळ्यांना माहीत होतं. समर्थकांकडे न्यूयॉर्कच्या 'फॅमिलीज फॉर एक्सलंट स्कूल्स' या संस्थेने दीड कोटीहून जास्त डॉलर दिले आणि देणगीदारांची नावं दडवली. त्याबद्दल पुढच्या वर्षी राज्याने त्यांच्याकडून सुमारे ४,२६,५०० डॉलर वसूल केले. लोकांच्या मुलांच्या शाळेचा निर्णय, आणि त्यावर पैसा लावणारे लोक पडद्याआड, हे मला आजही सहन होत नाही.

मी 'नाही'ला मत दिलं. आहेत त्या चांगल्या चार्टर शाळा बंद कराव्यात असं माझं मत तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. माझा आक्षेप इतकाच होता, की पैशाची भरपाई आणि वर्षाच्या मध्यात येणाऱ्या मुलांची जबाबदारी, या दोन गोष्टींवर एक शब्दही न बोलता विस्तार मागितला जात होता. प्रस्ताव ६२ विरुद्ध ३८ टक्क्यांनी पडला. निकालाच्या रात्री आमच्या संघटनेत आनंद झाला. मला राहून राहून वाटत होतं, की ज्यांचं नाव सोडतीत आलं नव्हतं त्या मुलांसाठी आपण उद्या काय नवं करणार आहोत?

सगळ्या शाळा चार्टर केल्या तर काय होतं, हे न्यू ऑर्लीन्समध्ये दिसलं. २००५च्या कॅटरिना वादळानंतर राज्याने शहरातल्या बहुतेक शाळा ताब्यात घेतल्या आणि हळूहळू सगळ्या चार्टर संस्थांना दिल्या. सात हजारांवर कर्मचारी कामावरून काढले गेले, त्यांत अनुभवी काळ्या शिक्षिका मोठ्या संख्येने होत्या. निकाल खूप सुधारले, हेही खरं. ट्युलेन विद्यापीठाच्या संशोधनात ते नीट दाखवलेलं आहे. पण मूल जवळच्या शाळेत चालत जाईल, ही साधी गोष्ट संपली. पुढे जवळपास दोन दशकांनी, २०२४मध्ये, शहराच्या शाळामंडळाने पुन्हा स्वतःची एक शाळा उघडली. तिला शहरातल्या प्रसिद्ध शेफ लेया चेस यांचं नाव दिलं.

मला मात्र यापेक्षा ह्यूस्टनचं उदाहरण जास्त शिकवून जातं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. २०१०पासून तिथल्या शाळाखात्याने आपल्याच वीस सरकारी शाळांत चार्टर शाळांच्या पद्धती आणल्या. मुलं तीच, वस्ती तीच, दार सगळ्यांना उघडं. दिवस वाढवला, शिक्षकांना वरचेवर मार्गदर्शन दिलं, आणि सहावी व नववीच्या मुलांना रोज एक तास गणिताची शिकवणी: दोन मुलांमागे एक शिकवणारा. ही शिकवणी उभी करायला माणसं आणली ती बॉस्टनच्या 'मॅच' शाळेचा अनुभव असलेली. वाचनात फारसा फरक पडला नाही, पण गणितात जवळपास चांगल्या चार्टर शाळांइतकाच पडला. शँकर यांनी १९८८ साली जे मागितलं होतं ते हेच: एकाने करून पाहावं, सगळ्यांनी घ्यावं. मग हे सगळीकडे का झालं नाही? कारण दोन मुलांमागे एक माणूस नेमायला पैसा लागतो, आणि तो द्यायच्या वेळी स्पर्धेचे पुरस्कर्ते आणि विरोधक दोघेही दुसऱ्याच भांडणात असतात. माझ्या संघटनेलाही मी हे सांगत असते. वाढीव वेळेचा मोबदला मागा, जरूर मागा, पण ती वेळ नाकारू नका.

हे सगळं मराठी मासिकात लिहायचं कारण एवढंच नाही की आपली माणसं इथे राहतात. अमेरिकेतला हा विचार महाराष्ट्रात पोहोचलेला आहे. नव्या पदवीधरांना शाळांत शिकवायला पाठवणाऱ्या 'टीच फॉर अमेरिका'च्या धर्तीवर २००९मध्ये 'टीच फॉर इंडिया' मुंबई-पुण्यात सुरू झालं. 'आकांक्षा' ही संस्था मुंबई आणि पुणे महापालिकांच्या शाळा भागीदारीत चालवते: इमारत पालिकेची, शिकवणं संस्थेचं, मुलांना फी नाही. यातल्या शाळांत चांगलं काम होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांची सोडतही महाराष्ट्रातल्या आईबापांना पाठ आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळा जवळ असेल तर खाजगी शाळेला त्या जागांतून सूट द्यायचा प्रयत्न राज्य सरकारने केला आणि जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

संस्थेने शाळा चालवली म्हणून माझी हरकत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली ती सरकारने सांगितलं म्हणून नव्हे. त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसली, आणि ज्याला कुठेच जागा नाही त्याला तिथे जागा होती. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेकडून मी तेवढीच अपेक्षा करते.

म्हणून वाचकांना एक विनंती. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत. तुम्ही त्या समितीत असाल आणि तुमची पालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा एखाद्या संस्थेकडे सोपवायची चर्चा निघाली, तर सही करण्याआधी करार मागून घ्या आणि वाचा. जानेवारीत ऊसतोडीवरून किंवा वीटभट्टीवरून आलेल्या मुलाला ही शाळा त्याच दिवशी वर्गात घेईल का, हे त्यात लिहिलेलं आहे का ते पाहा. लिहिलेलं नसेल तर लिहून घ्या.